शेवयांचा पाट आणि रोमची थाळी

शेवई हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी आम्हांस दोन वर्षांपूर्वी विचारले असते तर आम्ही हसून विषय बदलला असता. ताम्रपट, शिलालेख, बखरी, सनदा, फार तर एखाद्या गढीचा नकाशा, ही आमची नित्याची हत्यारे. स्वयंपाकघरात आमचा प्रवेश जेवणापुरता. तेव्हा आजचा विषय आम्ही मोठ्या विचाराने निवडला असे श्रोत्यांनी समजू नये. तो तिसगावी एका चुलीपाशी आमच्यावर येऊन आदळला, आणि तेव्हापासून त्याने आमची पाठ सोडली नाही.

घडले ते असे. रंगपंचमीच्या सुमारास मढीला कानिफनाथांची यात्रा असते. तेथला गाढवांचा बाजार पाहावा म्हणून आम्ही गेलो होतो. परतताना जवळच, नगर-पाथर्डी रस्त्यावरील तिसगावात, एका जुन्या स्नेह्यांकडे मुक्काम केला. त्यांची नात पुण्यास शिकते, सुट्टीला आलेली. पाहुण्यांना काही नवे करून घालावे अशी तिला हौस. अंडी घरच्या कोंबड्यांची होती, चीजचा ठोकळा ती येताना घेऊन आली होती. अडले ते एकाच गोष्टीवर. तिला हवी असलेली लांब सळ्यांची इटालियन 'स्पॅगेटी' गावात कोठे मिळेना. मुलगी हिरमुसली. तेव्हा कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आजी उठल्या, माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ह्या घे की. तुज्या त्या लांब शेवयाच न्हवं का?"

नात म्हणाली, "आजी, तसं नसतं गं. ते इटलीचं आहे. हजारो वर्षांपासून तिथं करतात. हे आपलं उन्हाळकाम."

आजींनी वाद घातला नाही. "बरं," एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या. वाद आमच्या मनात सुरू झाला. त्या मुलीच्या वाक्यात दोन विधाने होती. एक, ते प्राचीन आहे. दुसरे, हे केवळ उन्हाळकाम आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही तपासावयास हवीत, आणि तपासताना आपण कोणाच्या बाजूचे हे विसरावयास हवे. शेवटची अट किती कठीण आहे ते पुढे दिसेलच.

त्या पदार्थाचे काय झाले ते आधी सांगून टाकतो. तो बिघडला. मुलीने शेवया उकळत्या पाण्यात टाकून शिजवल्या, निथळल्या, पुन्हा कढईत घेऊन जाळावर ठेवल्या आणि फेटलेली अंडी व किसलेले चीज त्यांवर ओतले. क्षणात अंड्याच्या पिवळ्या गुठळ्या झाल्या आणि चीजची तार सुटून डावाला चिकटली. आम्ही सभ्यपणे खाल्ले. आजी माळकरी, त्या अंड्याला शिवत नाहीत. त्यांनी लांबूनच कढईकडे पाहिले आणि एक शब्द उच्चारला: "फुटलं." त्या शब्दाकडे आपण पुढे येऊ.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात वसंत ऋतू हा व्याख्यानांचा ऋतू ठरला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तो शेवयांचा ऋतू आहे. पुरुषमंडळी मांडवात बसून देशाचा विचार करीत असतात तेव्हा घराघरांत कुरडया, पापड, सांडगे, शेवया यांची धांदल चाललेली असते. ऊन कडक, हवा कोरडी, रब्बीचे गहू नुकतेच घरात आलेले. होळी ते अक्षय्यतृतीया हा काळ यासाठीच पक्का झाला आहे. वाळवण एका उन्हात खडखडीत झाले नाही तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, हे येथे पोरासोरांनाही ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींना विचारून त्यांची रीत लिहून घेतली. गहू पाण्याने ओलावून रात्रभर फडक्यात बांधून ठेवावयाचे. त्यामुळे कोंडा सैल होतो आणि दळल्यावर पापुद्र्यासारखा वेगळा निघतो. मग दळण, मग चाळण, मग बारीक वस्त्रातून गाळणे. मीठपाण्यात घट्ट कणीक भिजवून ती तास-दोन तास मुरवावयाची, आणि मग वरवंट्याने कुटून कुटून लोण्यासारखी करावयाची. मग पाट. शेवयांचा पाट म्हणजे बारीक, समांतर खाचा पाडलेली लांब फळी. ती बाजेवर तिरपी टेकवतात. वरच्या टोकाला बसलेली बाई कणकेचा गोळा तळहाताने खाचांवर दाबून पुढे सारते, आणि खालून शेवया सुटू लागतात. दुसरी बाई त्या हातावर झेलते, हलक्या हाताने ताणून आणखी बारीक करते आणि काठीवर टाकते. तिसरी काठ्या उन्हात नेऊन वाळत लावते. हे एकटीचे काम नव्हे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशी सावड चालते. आजींच्या पाटाच्या खाचा मधोमध जवळजवळ पुसून गेल्या होत्या. हा पाट त्यांच्या सासूचा. पिढ्यांचे तळहात त्या लाकडावरून गेले होते.

पाटानंतर पितळी यंत्र आले. स्क्रूने बाजेला आवळायचे, वरून कणकेचा गोळा घालायचा आणि घरातल्या पोरांनी दांडा फिरवायचा. आमच्यातील कित्येकांनी लहानपणी दांडा फिरवण्यासाठी भांडणे केली असतील. यंत्राची शेवई जाड आणि एकसारखी होते, पाटावरची केसासारखी. आणि केसासारखी शेवई करणाऱ्या बाईचे नाव चार घरांत निघे. लग्नाच्या रुखवतात तर याहून नाजूक काम. गव्हाच्या दाण्याएवढे वळलेले गव्हले, नखाने दाबून केलेले नखुले, बोटावर वळलेले बोटवे, आणि मालत्या. या साऱ्याला मिळून वळवट म्हणतात. विदर्भ-खानदेशात काडीभोवती कणकेची पट्टी गुंडाळून सरगुंडे करतात आणि आमरसाबरोबर खातात. गोड नको असेल तर आपल्या जिल्ह्यात हुलग्याच्या पिठाची शेंगोळी आहेतच. लसणाच्या झणझणीत रश्शात उकळलेली ही वेटोळी कोरडवाहू गावांचे खरे राजान्न होय. आणि वरणात शिजवलेली चकोल्या-वरणफळे कोणाला ठाऊक नाहीत?

आता इटलीकडे वळू. तेथे 'ओर्झो' नावाचा पास्त्याचा एक प्रकार आहे. त्या शब्दाचा अर्थ जव. जवाच्या दाण्याएवढ्या कणकेच्या वळ्या म्हणून हे नाव. अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीसारख्या केलेल्या वाट्यांना ते लोक 'लहान कान' म्हणतात. आपण नख पाहिले, त्यांनी कान पाहिला. काडीभोवती पीळ देऊन केलेला पास्ताही सिसिलीत आहे. हे साम्य पाहून कोणाही मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य येते: हे सारे आपल्याकडूनच तिकडे गेले असणार! आम्हीही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हे वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिले. फार गोड वाटले. सकाळी उठून पुस्तके पाहिली तेव्हा गोडवा उतरला.

आपल्याकडे काय पुरावा आहे? चालुक्यांच्या राज्यात १०२५ साली चावुंडराय नावाच्या पंडिताने 'लोकोपकार' हा कन्नड ग्रंथ रचला. विहिरीपासून औषधापर्यंत संसारास उपयोगी असे सारे त्यात आहे. स्वयंपाकही आहे, आणि त्यात दाबून शेवया पाडण्याच्या साच्याचा उल्लेख येतो. म्हणजे शेवई दख्खनच्या पठारावर निदान हजार वर्षे आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'सेविका' आहे, आणि तिची कृती अशी: मैद्याच्या जवाएवढ्या बारीक वळ्या कराव्यात, वाळवाव्यात, दुधात शिजवाव्यात आणि तूप-साखरेबरोबर खाव्यात. श्रोतेहो, ही गव्हल्यांची खीर नव्हे तर काय? आणि जवाचीच उपमा, जी इटलीतल्या माणसालाही सुचली. दोन माणसे एकमेकांस न पाहता कणकेच्या एकाच आकाराला एकाच धान्याचे नाव देतात. आमच्या मते हे देण्याघेण्याचे लक्षण नव्हे. कणीक, हात आणि ऊन ही तीन एकत्र आली की काय होते, त्याचे हे लक्षण आहे.

इटलीचा पुरावाही तितकाच जुना व चोख आहे. अल् इद्रिसी या अरब भूगोलवेत्त्याने सिसिलीचा राजा रॉजर याच्यासाठी ११५४ मध्ये आपला ग्रंथ पुरा केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या वाळवलेल्या शेवया इतक्या मोठ्या प्रमाणावर होतात की त्या जहाजे भरभरून मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जातात, असे तो सांगतो. जेनोव्हा शहरी १२७९ साली एका मृत शिपायाच्या मालमत्तेची यादी नोटरीने केली, तीत मॅकरोनीची एक टोपली आहे. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे, कारण मार्को पोलो चीनहून परत आला १२९५ मध्ये. त्याने चीनमधून पास्ता आणला ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ती खोटी आहे, हे सिद्ध करण्यास त्या शिपायाची टोपली पुरेशी आहे.

म्हणून 'आधी कोण' हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतो. त्याने अभिमान सुखावतो, ज्ञान वाढत नाही. त्याहून मोलाची गोष्ट शेतात सापडते.

शेवईचा गहू कोणता, असे आम्ही आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "बन्शी. आता कुठं मिळतुया? चपातीच्या गव्हाची शेवई तुटती, न्हाईतर शिजल्यावर लगदा व्हती." गव्हाच्या मुख्यतः दोन कुळ्या आपल्या लागवडीत आहेत. एक चपातीचा व पावाचा मऊ गहू. दुसरा कठीण, अंबरासारखा पिवळसर, चमकदार दाण्याचा. इंग्रजीत त्याला ड्युरम म्हणतात. आपला बन्शी व काठा गहू या दुसऱ्या कुळीतला, आणि सातारा-सांगलीकडचा खपली त्याचा जवळचा भाऊबंद. हा गहू दळला की पिठापेक्षा रवा अधिक पडतो. त्याची कणीक ताणली तर रबरासारखी मागे आखडत नाही, आणि शिजल्यावर शेवई आपला आकार सोडत नाही. इटलीचा वाळवलेला पास्ता याच कुळीच्या गव्हाचा. आजींनी आपल्या अनुभवाने जे सांगितले तेच त्या देशाने कायद्यात लिहिले: १९६७ च्या इटालियन कायद्याप्रमाणे वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे.

आणि त्याच १९६७-६८ च्या सुमारास आपल्या देशात काय चालले होते? कल्याणसोना, सोनालिका हे बुटके गहू शेतांत येत होते. त्यांनी देशाची भूक भागवली; त्यांच्याविरुद्ध एक अक्षर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परदेशी जहाजांतून आलेल्या धान्यावर ज्यांनी दिवस काढले त्यांना या गव्हाची किंमत ठाऊक आहे. पण खत-पाण्याच्या गव्हाने जिरायती बन्शीला हळूहळू मागे सारले हेही तितकेच खरे. निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी बन्शी-खपलीच्या कुळीवर चांगले काम केले आहे, तरी आजींच्या प्रश्नाला, "कुठं मिळतुया?" याला, आम्हांजवळ तिसगावात उत्तर नव्हते.

आता त्या मुलीच्या पहिल्या विधानाकडे येऊ. अंडी आणि चीज घातलेला पास्ता खरोखर हजारो वर्षांचा आहे काय?

नेपल्सच्या इप्पोलितो काव्हालकान्ती यांच्या १८३९ च्या पाकग्रंथात चीज आणि अंडी घातलेला पास्ता आहे. तेव्हा साधा पदार्थ निदान पावणेदोनशे वर्षांचा हे निश्चित. परंतु आज जगभर ज्याचा डंका वाजतो तो खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेला रोमचा 'कार्बोनारा'. त्याची गोष्ट निराळी आहे. आदा बोनी या बाईंनी १९३० साली रोमच्या स्वयंपाकावर खास पुस्तक लिहिले. त्यात कार्बोनारा नाही. १९५० साली 'ला स्ताम्पा' या वृत्तपत्रात त्याचे नाव येते. त्याची कृती प्रथम छापली गेली ती इटलीत नव्हे, अमेरिकेत, १९५२ साली शिकागोच्या उपाहारगृहांवरील एका पुस्तकात. इटलीतील मासिकात ती १९५४ मध्ये आली, आणि तीत चीज होते ग्रुयेर, म्हणजे स्वित्झर्लंडचे! रोम शहर दोस्तांच्या हाती आले ४ जून १९४४ रोजी. अमेरिकन सैन्याबरोबर डबाबंद मांस आणि अंड्याची भुकटी आली, उपाशी शहराजवळ शेवयांची परंपरा होती, आणि या दोहोंच्या गाठीतून हा पदार्थ निघाला, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. रेनातो ग्वालांदी नावाच्या आचाऱ्याने तर आपण सप्टेंबर १९४४ मध्ये रिच्चोने येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या मेजवानीसाठी तो पहिल्याने केला असा दावा केला होता. दावा म्हणूनच तो घ्यावा.

पार्मा विद्यापीठातील इतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी यांनी २०२३ साली लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ला मुलाखत देताना कार्बोनारा ही मूळ अमेरिकन गोष्ट असल्याचे सांगितले, तेव्हा इटलीत केवढा गहजब झाला! स्वयंपाकघरात हात घातलेल्या इतिहासकाराची ही गत सर्वत्र सारखीच दिसते.

नावाबद्दल एक मौज. 'कार्बोनारो' म्हणजे कोळसा पाडणारा. कोळसेवाल्यांचा पदार्थ म्हणून हे नाव, असे एक सांगतो. काळ्या मिऱ्याची पूड कोळशासारखी दिसते म्हणून, असे दुसरा सांगतो. तिसरा थेट कार्बोनारी या एकोणिसाव्या शतकातील गुप्त क्रांतिमंडळाकडे बोट दाखवतो. मराठी वाचकांना हे मंडळ परके नाही. जोसेफ मॅझिनी तरुणपणी त्याचा सभासद होता, आणि त्याच मॅझिनीचे चरित्र सावरकरांनी मराठीत आणून १९०७ साली प्रसिद्ध होताच सरकारने ते जप्त केले. क्रांतिकारकांचा या थाळीशी काही संबंध असल्याचा पुरावा मात्र नाही. गोष्ट सुंदर असली की तिच्यावर अधिक संशय घ्यावा.

पण १९४४ च्या त्या इटलीशी आपल्या जिल्ह्याचा संबंध मात्र पुराव्यानिशी आहे. ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यात चौथी, आठवी व दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन इटलीत लढल्या, आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. कुलाबा जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूचे ठाणे घेऊन धारातीर्थी पडले. तिबेर म्हणजे रोमचीच नदी. आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणले, मग एकट्याने शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. हे नामदेव जाधव निमजचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे, ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात.

तेव्हा कार्बोनारा जन्माला येत होता त्याच सैन्याच्या छावणीत नगरचे लोक होते, असे म्हणता येईल. त्यांनी तो खाल्ला काय? येथेही मोहात पडू नये. हिंदी शिपायांचा शिधा वेगळा असे. त्यांना आटा, डाळ, तूप मिळे. गोऱ्या सैन्याच्या भटारखान्यात डबाबंद मांस उघडले जात असता हाकेच्या अंतरावर मराठा कंपनीत भाकरी-पोळ्या भाजल्या जात असणार. आफ्रिकेत पकडलेले हिंदी युद्धकैदी मात्र इटलीतील आवेझ्झानोच्या छावणीत होते, आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्र खाली ठेवल्यावर त्यांतील कित्येक निसटून डोंगरांतल्या शेतकऱ्यांच्या घरी लपले. दारात आलेल्या परक्याला त्या गरीब घरांनी आपल्यातले काढून दिले. त्या थाळीत काय होते याची नोंद कोणी केली नाही. घरांतल्या बाया लिहीत नव्हत्या, आणि कैद्यांना लपायचे होते.

राहिले चीज. इटलीचा तो पदार्थ आज मेंढीच्या दुधाच्या 'पेकोरिनो' चीजचा मानतात. रोमभोवतीचे मेंढपाळ शतकानुशतके ते करीत आले आहेत. आता पाहा, मेंढ्या आपल्याकडेही आहेत. पारनेर तालुक्यातील धवळपुरीचे धनगर पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि उन्हाळा सरता सरता परततात. इटलीतील आब्रुझ्झोचे मेंढपाळही असेच हिवाळ्यात दक्षिणेच्या सपाटीवर उतरत असत. मग त्यांच्या वाड्यावर चीज का झाले आणि आपल्या वाड्यावर का नाही?

कोणी म्हणेल, आपल्याकडे दूध नासणे अशुभ मानतात. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. आपली दख्खनी मेंढी दूध देते ते कोकराच्या पोटापुरते. तिची खरी कमाई लोकर, मांस आणि शेतात बसवल्यावर मिळणारे खत. तिच्या लोकरीची घोंगडी झाली, दुधाचे चीज होणे शक्यच नव्हते. शिवाय चीज महिनोन् महिने थंड तळघरात मुरावे लागते, आणि पाथर्डी तालुक्यात मे महिन्यात थंड तळघर शोधणे म्हणजे काय ते येथल्या श्रोत्यांना सांगावयास नको. आपण दुधाचे टिकाऊ रूप म्हणून तूप निवडले. ते उन्हाला भीत नाही. पुढे आणंदच्या सहकारी दुग्धसंघाने म्हशीच्या दुधाचे चीज कारखान्यात करून दाखवले, आणि आज ते तिसगावच्या घरातही येऊ शकते.

आता पुन्हा त्या कढईकडे. आजी "फुटलं" म्हणाल्या होत्या. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना विचारले, "आजी, तुम्ही अंड्याला हात लावत नाही, मग फुटले हे कसे ओळखले?" त्या हसल्या. "आवं पाव्हणं, कढी कशी फुटती? जाळावर ताक वतलं आन् हात थांबवला की फुटती. हे बी तसंच. ह्या पोरीनं कढई खाली उतरवायची व्हती."

शास्त्र हेच सांगते. अंड्याचा पांढरा बलक साठ अंशांच्या थोडे पुढे आणि पिवळा सत्तरच्या आत-बाहेर थिजू लागतो. उकळते पाणी शंभरावर. जाळावरच्या कढईत अंडे ओतणे म्हणजे त्याची भुर्जी करणे. भांडे खाली उतरवले, शेवयांचे थोडे पिठूळ पाणी घालून ऊब कमी केली, आणि हात चालू ठेवला, तर तेच अंडे घट्ट न होता साईसारखे दाट होते. पिठूळ पाण्यातला सत्त्वांश अंड्याला व चीजला धरून ठेवतो, जसे कढीतले डाळीचे पीठ ताकाला धरून ठेवते. रोमच्या बायकांना हे पेकोरिनोवर कळले, तिसगावच्या बायकांना ताकावर.

त्या संध्याकाळी मुलीने पुन्हा हात घातला. आजींनी सोवळ्यातले भांडे दिले नाही. "भांडं तेवढं येगळं घे" असे बजावले आणि दोन हात अंतरावर पाटावर बसून सूचना देऊ लागल्या. चार माणसांना दोन मोठ्या मुठी शेवया. हातशेवई दीड-दोन मिनिटांतच शिजते; जास्त ठेवली तर हातची जाते. एका वाडग्यात तीन अंडी, मूठभर किसलेले चीज आणि भरड कुटलेली मिरी. मीठ बेतानेच, कारण शेवईतही मीठ आणि चीजमध्येही. निथळलेल्या शेवया जाळावरून उतरवलेल्या पातेल्यात. "थांब. वाफ जाऊ दे. आता वत. हात थांबवू नगं. पानी घाल, वाईच. अजून वाईच." मुलगी हलवीत होती, आजी बोलत होत्या, आणि पातेल्यात पिवळसर, तुकतुकीत, एकसारखी अशी काही वस्तू तयार होत होती.

आम्ही दोन वेळा वाढून घेतले. शेवई बारीक असल्यामुळे ती रोमच्या थाळीहून अधिक नाजूक लागली, आणि थंड झाल्यावर तिचा गोळाही लवकर झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यासाठी यंत्राची जाड शेवई बरी, असे आमचे मत पडले. आजींनी आपल्यापुरत्या मूठभर शेवया वेगळ्या शिजवून, निथळून, त्यांवर गूळ, दूध आणि तूप घेतले. एकाच डब्यातल्या शेवया.

जेवताना नातीने विचारले, "आजी, मला पाटावर शेवया करायला शिकवशील?"

"शिकवीन की. पन ह्या वर्षी न्हाई. गहू बन्शीचा पायजे. आन् पाटाच्या खाचा गेल्यात, सुताराकडनं पाडून आनायला पायजेत." मग डबा हलवून आत किती राहिल्या ते त्यांनी पाहिले, आणि झाकण घट्ट लावून तो पुन्हा माळ्यावर चढवला.